कंपनीची शिवण

माणूस ओळखायचा तर त्याचा चेहरा बघू नये, त्याच्या गाडीची सीट बघावी, असं टाचण्याचं मत होतं. चेहरा माणूस धुतो, पुसतो, आरशात बघून बेततो. सीटवर तो नुसता बसतो. म्हणून सीट खोटं बोलत नाही.

टाचण्या गाड्यांच्या सीटा शिवायचा. गॅरेजांच्या रांगेतलं शेवटचं, पत्र्याच्या छपराचं दुकान त्याचं. दारात उसवलेल्या गाद्यांचा ढीग, आत फोमच्या लाद्या, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि मधोमध दणकट शिवणयंत्र. काम करताना तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, आणि बोलणं त्यांच्या फटीतून. एकेक टाचणी ओठांतून निघून कापडात घुसायची आणि तिच्याबरोबर सुटलेला शब्द गिऱ्हाइकाच्या वर्मी. नाव त्यावरूनच पडलं होतं, आणि ते त्याला आवडायचंही.

त्याच्या तोंडून कुणी सुटायचं नाही. डॉक्टरची गाडी आली की सीट उचलून तो आतला बिस्किटांचा भुगा चिमटीत धरून दाखवायचा. "लोकांची पोटं तपासतो म्हणे हा! आधी स्वतःच्या बुडाखाली काय पिकलंय ते बघ म्हणावं." वकिलाच्या सीटची एकच बाजू बसलेली दिसली की, "बसताना मागच्या खिशातलं पाकीट काढायचं सुचत नाही, आणि हा दुसऱ्याला सल्ले देणार!" नवरा-बायको जोडीने आले आणि बाईंच्या बाजूची सीट कोरी करकरीत निघाली, तर तो सरळ विचारायचा, "वहिनींना गाडीत घेत नाही का कधी?" पुढचं भांडण ती दोघं घरी घेऊन जायची. टाचण्या पुढची सीट उसवायला घ्यायचा.

पण खरा तिटकारा त्याला बाकीच्या सीटवाल्यांचा. "हे टाके आहेत की कोंबडीने दाणे टिपलेत?" असं तो भर रस्त्यात विचारायचा. कंपनीतून जशी शिवून येते तशी शिवण या गावात एकच माणूस घालतो, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं, की शेजारचा पंक्चरवाला त्याच्या आधीच वाक्य पुरं करायचा. आणि आपलं काम दुसऱ्या कुणी स्वतःच्या नावावर खपवू नये म्हणून त्याने एक खूण ठरवली होती. मागची सीट पुरी झाली की तिच्या उलट्या बाजूला, जिथे कुणी मरायला बघत नाही तिथे, तो दाभणाने तीन तिरपे टाके घालायचा. कावळ्याच्या पायासारखे. दोरा भलत्याच रंगाचा, हाताला येईल तो.

या खुणेने एकदा एकाचं पाणी उतरवलं होतं. समोरच्या रांगेतल्या सीटवाल्याने एक गाडी दाखवून 'हे माझं काम' म्हणून गिऱ्हाइकापुढे मिशीला पीळ दिला. टाचण्या रस्ता ओलांडून गेला, सीट उपसली आणि भर उन्हात पालथी घातली. आत हिरव्या दोऱ्याचा कावळ्याचा पाय! लोक फिदीफिदी हसले. त्या सीटवाल्याने पुढे दुकानच हलवलं. टाचण्या ही गोष्ट दर गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि दर वेळी गर्दी थोडी वाढवायचा.

अशा माणसाने जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर सगळ्या रांगेचे कान टवकारले.

गाडी घ्यायला कारणही तसंच होतं. लेक दिली होती घाटापलीकडे. तिला मुलगी झाली. पहिली नात! बायको आणि तो बसने बघायला निघाले, आणि घाटात बायकोला उलट्या सुरू झाल्या. विहीणबाईंच्या दारात ती उतरली तेव्हा पदर भिजलेला, तोंड उतरलेलं. विहीणबाईंनी नाकाला बोट लावून हसत म्हटलं, "आधी न्हाणीघरात जा हो. बाळाला मग घ्या." बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तेच बायकोला जास्त लागलं. त्यानंतर तिने बसचं नाव टाकलं. नात आता बसायला लागली होती, आणि आजीने तिला तेवढी एकदाच बघितली होती.

"गाडी घ्या," बायको म्हणाली. "जुनी का असेना. पण घाट चढेल आणि मला माणसासारखी उतरवेल अशी घ्या. घेताना माझ्या भावाला दाखवा."

तिचा धाकटा भाऊ मेकॅनिक होता. टाचण्याने तोंड वाकडं केलं. "तुझ्या भावाला? तो बॉनेट उघडतो, आत डोकं घालतो, आणि बाहेर काढतो तेव्हा नुसतं डोकं काळं झालेलं असतं, आत उजेड पडलेला नसतो. अगं, इंजिन कुणीही धुऊन ठेवतं. सीट कुणाला धुता येत नाही."

मेव्हण्याने स्वतःहून येतो म्हणून निरोप धाडला, तरी याने उलट निरोप दिला, "तुझी तेलकट बोटं माझ्या कापडाला नकोत."

आणि तो एकटाच गेला, गावाबाहेरच्या दलालाकडे. हा दलाल टाचण्याचं जुनं गिऱ्हाईक. जुनाट गाड्यांच्या सीटा त्याच्याकडे आणून टाकायचा आणि तरुण करून न्यायचा. त्याने ओळीने उभ्या असलेल्या गाड्या हात करून दाखवल्या आणि दात कोरत मागे उभा राहिला.

टाचण्याने एकाही गाडीचं बॉनेट उघडलं नाही. दार उघडायचा, सीटवर तळवा दाबायचा, कडेच्या शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि तुच्छतेने दार आपटायचा. "ही बसलेली. ही फुगवलेली. ही कुठल्या आंधळ्याने शिवली?" शेवटच्या पांढऱ्या गाडीपाशी मात्र त्याचा अंगठा थबकला. टाका सारखा, ताण सारखा, वळणावर कुठे सुरकुती नाही. ड्रायव्हरची सीट दाबली तशी उसळून वर आली.

"कंपनीची शिवण," टाचण्या म्हणाला. "मूळची. हात लागलेला नाही कुणाचा."

दलालाने दात कोरायचं थांबवलं. "असं म्हणता?"

"म्हणता काय? फोम बघ ना. ही गाडी फार पळालेलीच नाही. कुणीतरी म्हाताऱ्याने आठवड्यातून एकदा बाहेर काढली असेल."

"तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार, शेठ," दलाल म्हणाला. "सीटमधलं तुम्हाला कळतं. तुम्हीच सांगा."

टाचण्याने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. दलाल मान डोलावत राहिला. त्या व्यवहारात त्याच्या तोंडून गाडीबद्दल चांगला-वाईट एक शब्द निघाला नाही. टाचण्याने ती गाडी स्वतःलाच विकली आणि वर किल्लीही मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घाटात निघायचं होतं त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे. घराच्या अंगणात गाडी धुवायचा घाट घातला गेला. बायकोने जुन्या साड्यांच्या चिंध्या, बादल्या, दात घासायचे जुने ब्रश असं सगळं सैन्य काढलं. टाचण्या खुर्ची टाकून बसला आणि कुण्या म्हाताऱ्याने आठवड्यातून एकदाच बाहेर काढलेल्या या गाडीचं कौतुक कसं करायचं ते तिला शिकवू लागला.

बायकोने ड्रायव्हरच्या पायाखालची चटई ओढली. खालच्या गालिच्याला टाचेच्या जागी भोक पडलं होतं, आतला पत्रा दिसत होता.

"अहो, हे बघा."

"असेल. म्हाताऱ्याची टाच खरबरीत असेल."

"किती खरबरीत? कानस लावून चालवत होता का?"

"तू पुसायला बसलीयेस की चौकशी करायला?"

ती पेडलं पुसू लागली. "रबरं नवी कोरी आहेत हो यांची. दांडे मात्र झिजून चकचकीत झालेत. असं कसं?"

"जपणारा माणूस. रबरं बदलली."

"फार न पळालेल्या गाडीची?"

टाचण्याने ऐकू न आल्यासारखं केलं. तिने मग बादलीभर पाणी आत ओतलं आणि खराटा मारला. कोरडी गाडी अत्तराच्या डबीसारखी घमघमत होती. गालिचा भिजला आणि खालून एक आंबट, जुनाट वास उठला. बायको खराटा टाकून बाहेर आली आणि नाकाला पदर लावून भिंतीला टेकली.

"हा वास मला चांगला ओळखीचा आहे," ती म्हणाली.

"कसला?"

"घाटातला. बसमध्ये माझ्या शेजारच्या खिडकीखाली असाच होता. या गाडीत खूप जणांना मळमळलंय."

"तुला जिथे तिथे मळमळच दिसणार," टाचण्या फिसकारला. "सरक बाजूला. एक काम धड होईल तर शपथ. मी मागची सीट काढून देतो, उन्हात ठेवू. जा, चहा टाक."

ती आत गेली. टाचण्याने मागच्या सीटचे खटके दाबले. सीट त्याच्या हातात अशी अलगद आली, जशी ओळखीची गाय दोरी न ओढता मागे येते. त्याने ती अंगणातल्या चौथऱ्यावर पालथी घातली, आणि तशीच वाकलेली पाठ घेऊन उभा राहिला.

खालच्या बाजूला कडेशी तीन तिरपे टाके होते. लाल दोऱ्याचे. कावळ्याचा पाय.

आधी त्याला राग आला, तो दुसऱ्याच कुणावर तरी. आपली खूण चोरली कुणी? मग त्याने अंगठा फिरवला, आणि अंगठ्याने लबाडी केली नाही. टाके त्याचेच होते. आणि एकदा ते कळल्यावर सगळंच आठवलं. दलालाच्या माणसाने आणून टाकलेली पिवळी भाड्याची गाडी. छपरावर सामानाचा कॅरिअर, सीटमधून स्प्रिंगा बाहेर आलेल्या, घाटातल्या उतारूंनी ओकून ओकून फोम पिवळा पडलेला. तो फोम त्याने चिमट्याने उचलून लांब फेकला होता. "कंपनीतून आल्यासारखी दिसली पाहिजे," दलालाचा माणूस म्हणाला होता. आणि तोंडातल्या टाचण्यांच्या फटीतून टाचण्या बोलला होता, "दिसेल की. एखादं गाढव मिळेलच तुम्हाला."

गाडी पिवळीची पांढरी करून दलालाला ते गाढव मिळालं होतं. आता ते स्वतःच्या अंगणात सीटपुढे उभं होतं.

चहा यायच्या आत त्याने सीट सुलटी केली, पायात चपला अडकवल्या आणि तो तडक दलालाकडे गेला.

"ही घाटातली भाड्याची गाडी आहे," दारातूनच तो ओरडला.

"बसा की, शेठ."

"तुला माहीत होतं!"

"मला माहीत होतं," दलाल शांतपणे म्हणाला. "तुम्हालाही असणार असं वाटलं. तुमच्याच हातचं काम. मी म्हटलं, शेठ मुद्दाम थट्टा करतायत. मग तुम्ही म्हातारा काढलात, आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढणारा. मला तर हसू आवरेना."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही म्हणालात, कंपनीची शिवण. मी म्हणू, नाही शेठ, ही तुमची, एवढी काही चांगली नाही? मी कशाला तुमच्या कामाला नावं ठेवू?"

टाचण्याने खिशातून गाडीची किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. 

"गाडी परत होत नाही," दलाल पुढे म्हणाला. "पण बाहेर मी काही बोलणार नाही. तुम्ही चालवा, मिरवा. सीट खोटं बोलत नाही म्हणता ना? पण तिला कोण विचारतंय?"

परतीच्या वाटेवर टाचण्याने हिशेब मांडायचा प्रयत्न केला. सीट सुलटी आहे. बायकोला कळलेलं नाही. दलाल गप्प बसेल, कारण त्याला पुढेही सीटा शिवून हव्यात. ती परत गाडीत बसवली की कावळ्याचा पाय खटक्यांखाली कायमचा दडेल. उद्या निघावं, नात बघावी, विहीणबाईंच्या दारात ऐटीत उतरावं. कोण विचारतंय?

घरी आला तर बायको ओसरीवर बसून पिशवी भरत होती. बाळाची अंगडी, टोपडं, स्वतःची नवी साडी. ती साडी तिने वरच ठेवली होती, घडी मोडू नये म्हणून. "मी पुढे बसेन हो," ती म्हणाली. "पुढे बसलं की मळमळत नाही म्हणतात. आणि घाट उतरताना जरा सावकाश. मला भीती वाटते त्या वळणांची."

घाट उतरताना. टाचण्याला सीटमधलं सगळं कळत होतं. ब्रेक कुठे असतो आणि कसा झिजतो यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की ज्या गाडीची सीट स्प्रिंगांपर्यंत झिजली होती, तिचं बाकीचंही काही झिजलं असणार. आणि ते त्याने शिवलेलं नव्हतं.

तो उंबऱ्यावर बसला. 

"तुझ्या भावाला बोलाव," तो म्हणाला.

बायकोचे हात थांबले. "कुणाला?"

"ऐकू येत नाही का? तुझ्या भावाला. म्हणावं, चाकं बघून जा."

"तुम्हाला बरं आहे ना?"

"बोलाव म्हटलं ना!"

मेव्हणा आला तो हातात पान्यांची पेटी आणि चेहऱ्यावर जन्माचं उट्टं काढायची तयारी घेऊनच. "काय भाऊजी, कापडाला तेल लागलं तर चालेल ना?"

टाचण्याने मुकाट गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. हेच एवढं अघटित होतं की मेव्हण्याचा पुढचा टोमणा घशातच राहिला. तो गाडी घेऊन गल्लीतून एक फेरी मारून आला. आल्यावर हसत नव्हता. त्याने जॅक लावला, चाक काढलं, आत बोट घातलं. मग आडवा होऊन गाडीखाली सरकला. मग छपरावर हात फिरवला आणि नखाने रंग खरवडला.

"ताई, इकडे ये," तो म्हणाला. टाचण्याला नव्हे, बहिणीला. "हे बघ. ब्रेकचे लायनर संपलेत, लोखंडावर लोखंड घासतंय. तेलाची नळी चिरलीय. आणि छपरावर ही भोकं पुट्टी भरून बुजवलीत. कॅरिअर होता. भाड्याची गाडी आहे ही, घाटात राबलेली. सपाटीवर काही कळलं नसतं. उतारावर गेली असती, पण थांबली नसती."

बायको वाकून चाकाच्या मोकळ्या जागेत बघू लागली.

"भाऊजी, एक सांगा," मेव्हणा हात पुसत म्हणाला. "तुम्ही कधी नव्हे ते मला बोलावलंत कसं? तुम्हाला काय दिसलं?"

"वाटलं आपलं," टाचण्या पुटपुटला. "आवाज येत होता."

"बंद गाडीतून?"

बायको मागची सीट अजून ओलीच असेल म्हणून चौथऱ्यापाशी गेली. खालची बाजू वाळावी म्हणून तिने सीट पालथी केली. टाचण्याने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. लाल दोऱ्याचे तीन टाके उन्हात लखलखीत. ती त्यांच्यावर वाकली. मग तिने नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा टाक्यांकडे, पुन्हा नवऱ्याकडे. हिरव्या दोऱ्याची आणि समोरच्या सीटवाल्याची गोष्ट तिने या घरात जेवढ्या वेळा ऐकली होती, तेवढ्या वेळा कुणीच ऐकली नसेल.

"वा," ती म्हणाली. "कंपनीची शिवण."

मेव्हणा पुढे येऊन बघू लागला. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि तो चौथऱ्यावर बसूनच हसायला लागला. हसता हसता त्याच्या काळ्या हातांचा ठसा सीटच्या कापडावर उमटला. टाचण्याने तो ठसा बघितला. तोंड उघडलं. मिटलं.

त्या पहाटे निघणं झालं नाही. ब्रेक, नळ्या, चाकं यांत मेव्हण्याचे पुढचे कितीतरी दिवस गेले. तेवढे दिवस रांगेतला पंक्चरवाला येता-जाता विचारायचा, "शेठ, तो म्हातारा भेटला का हो, आठवड्यातून एकदा गाडी काढणारा?" दलालाने शब्द पाळला होता. मेव्हण्याने कुणाला शब्दच दिला नव्हता.

गाडी निघाली तेव्हा ती मेव्हणा चालवत होता. पुढे, त्याच्या शेजारी, नवी साडी नेसून बायको. मागे टाचण्या एकटा, स्वतःच्या सीटवर, मांडीवर बाळाच्या कपड्यांची पिशवी घेऊन. घाटाच्या उतारावर मेव्हणा दर वळणाला ब्रेक दाबायचा आणि आरशातून मागे बघायचा. "लागला बरं का, भाऊजी." बायको खिडकीतून बाहेर बघत होती. तिला एकदाही मळमळलं नाही.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. बायको खाली उतरली, साडीला एक चुणी नाही. तिने सरळ पुढे जाऊन लेकीच्या हातातून नात काढून घेतली आणि विहीणबाईंना काही विचारलंही नाही. विहीणबाईंना बोलायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी गाडीत डोकावून सीटवर तळवा दाबला. "बाई! किती छान आहेत हो या सीटा. अगदी नव्या कोऱ्या. कंपनीच्या का?"

मेव्हणा खोकला. बायकोने नातीला खांद्यावर घेतलं आणि मागे वळून बघितलं.

"नाही," टाचण्या म्हणाला. "जुन्याच आहेत. तुम्ही हात काढा, दार लावायचंय."